मागच्या दाराचं ऑफिस

दहाला पाच मिनिटं असताना वसुधाकाकू पुढच्या दाराला कुलूप लावायच्या आणि ऑफिसला निघायच्या. ऑफिस त्याच घराच्या मागच्या खोलीत होतं.

परदेशीपुऱ्यातलं ते घर कोपऱ्याचं. पुढचं दार मोठ्या गल्लीत उघडायचं, मागचं बोळात. स्वयंपाकघर आणि मागची खोली यांच्यामध्ये आतूनही एक दार होतं. त्यातून गेलं असतं तर ऑफिस सात-आठ पावलांवर. पण कामाच्या वेळात त्या दाराला कडी असायची. काकू इस्त्रीची सुती साडी नेसून, मनगटावर काकांचं जुनं मोठं घड्याळ बांधून, खांद्याला पर्स आणि हातात डबा घेऊन पुढच्या दाराने बाहेर पडायच्या. कोपऱ्यावरच्या पोहेवाल्यापाशी वळायच्या.

"ऑफिस चलीं, आंटीजी?" तो रोज विचारायचा.

"हाँ भिया, देर हो रही है."

त्यांना उशीर कधीच झालेला नसायचा. मग त्या बोळात शिरायच्या, पर्समधून दुसरी किल्ली काढायच्या आणि मागचं दार उघडून कामाला बसायच्या. साडेपाचला याच रस्त्याने उलट घरी.

त्यांच्या वरच्या मजल्यावर आम्ही चार वर्षं भाड्याने राहिलो. आता आम्ही त्याच शहरात, लालबागच्या बाजूला राहतो. परवा एका लग्नात आईच्या मैत्रिणीने मला विचारलं, "तू काय, घरीच असतेस ना आता?" मी नेहमीसारखी हसले. पण काकू शेजारी असत्या तर त्यांनी काय उत्तर दिलं असतं ते मला शब्दन् शब्द माहीत होतं, आणि ते आठवून मला उगाचच ताठ बसावंसं वाटलं.

मी पुस्तकांची चित्रं आणि मुखपृष्ठं करते. ज्यांच्यासाठी करते ती माणसं दुसऱ्या शहरांत असतात आणि त्यांच्यातल्या बहुतेकांना मी कधी पाहिलेलं नाही. हे मला सोयीचं वाटतं. आम्ही त्या घरात गेलो तेव्हा मी नुकतीच नोकरी सोडून असं काम सुरू केलं होतं. सकाळी उठून पलंगावरच लॅपटॉप उघडायचा, कधीतरी अंघोळ करायची, दुपारी आईने हाक मारली की गिरणीतून दळण आणायला जायचं, पाहुणे आले की चहा ठेवायचा, आणि मग संध्याकाळी चित्र अर्धंच राहिलंय हे बघून घाबरायचं. असा माझा दिवस होता.

एकदा अशीच अकराच्या सुमारास नाइटसूटमध्ये खाली दूध घ्यायला गेले. काकू काही कारणाने बोळातल्या दारात उभ्या होत्या. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"तू ऑफिसला कधी जातेस?"

"मी घरूनच काम करते, काकू."

"ते मीही करते. पण जातेस कधी?"

त्यांनी वाट पाहिली, मग म्हणाल्या, "कपडे बदलत जा, बेटा. नाइटसूटमध्ये हाताला वाटतं छुट्टी आहे."

त्यांचं काम छापे काढण्याचं. भरतकाम करणाऱ्या बायका साडीवर, ब्लाउजवर जी नक्षी भरतात, ती आधी कुणीतरी कापडावर उमटवून द्यावी लागते. काकू ती काढायच्या. पातळ कागदावर पेन्सिलीने वेल, कोयऱ्या, मोर. मग त्या रेघेवरून सुईने बारीक भोकं पाडत जायचं. या भोकांच्या कागदाला त्या खाका म्हणायच्या. खाका कापडावर ठेवायचा आणि रॉकेलमध्ये कालवलेल्या निळीत कापडाचा बोळा बुडवून त्यावरून फिरवायचा. कागद उचलला की खाली ठिपक्याठिपक्यांचा मोर उभा. राजवाड्याच्या बाजारातले दुकानदार त्यांच्याकडे गठ्ठे पाठवायचे. गल्लीत त्यांना छापेवाली आंटीच म्हणत. खोलीत रॉकेलचा वास असायचा आणि एका तारेवर शेकडो खाके चिमट्यांनी लटकवलेले. खिडकीतून ऊन आलं की समोरच्या भिंतीवर त्यातल्या एखाद्या वेलीचे उजेडाचे ठिपके पडायचे. मला ते बघत बसायला आवडायचं. काकूंना ते आवडायचं नाही. "बघायचं असेल तर साडेपाचनंतर ये," म्हणायच्या.

ऑफिसच्या वेळात त्या कुणाच्या काकू नव्हत्या. काका होते तेव्हाची एक गोष्ट गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे. काकांची थोरली बहीण देवासहून दुपारी बाराला आली. काकांनी तिला पुढच्या खोलीत बसवलं, पाणी दिलं, स्वतः चहा केला. तिने विचारलं, "वसुधा कुठंय?"

"ऑफिसला गेली आहे."

तेवढ्यात दारापलीकडून काकूंचा खोकला ऐकू आला. बहिणीने काकांकडे बघितलं. काका म्हणाले, "साडेपाचला सुटते." मग त्यांनी बहिणीला जेवायला वाढलं, दुपारी अंथरूण घालून दिलं. साडेपाचला काकू कोपऱ्यावरून वळसा घालून पुढच्या दाराने आल्या, चपला काढल्या आणि मनापासून आनंदाने म्हणाल्या, "अगंबाई, ताई, कधी आलात?"

ताई तीन वर्षं आल्या नाहीत. नंतर आल्या तेव्हा रविवार बघून आल्या.

हे सगळं खूळ काकांचं होतं, असं काकू सांगायच्या. काका कापडाच्या मिलमध्ये टाइमकीपर होते. कोण किती वाजता फाटकातून आत आलं ते लिहून ठेवणं हे त्यांचं आयुष्यभराचं काम. मिल बंद पडली आणि फाटकच राहिलं नाही. तोवर काकू हौसेने शेजारणींना छापे काढून द्यायच्या. आता घर त्यावर चालणार होतं. पहिल्याच दिवशी काका बाजारातून हजेरीची लांब वही घेऊन आले. म्हणाले, "तू घरून करतेस म्हणून याला कुणी काम म्हणणार नाही. आपण म्हणायचं." आणि रोज सकाळी खुर्ची घेऊन कोपऱ्यावर बसायला लागले. काकू समोरून गेल्या की घड्याळ बघून लिहायचे. स्वतःच्या बायकोलाही त्यांनी एका मिनिटाची सूट दिली नाही. एकदा कुकरची शिट्टी होईना म्हणून त्या चार मिनिटं उशिरा निघाल्या, तर त्या दिवशीच्या रकान्यात लाल शाईने 'उशीर' लिहिलेलं आहे. मी स्वतः बघितलंय.

काका गेले तेव्हापासून वही कोरी होती. काकू मात्र तसाच वळसा घालून जात होत्या. नाइटसूटच्या त्या प्रसंगानंतर आठवडाभराने त्या वही घेऊन वर आल्या.

"तुमची बाल्कनी कोपऱ्यावर आहे. मी जाताना दिसते ना तुला?"

"दिसता."

"मग लिहीत जा. वेळ आणि सही. यांचं म्हणणं होतं, आपली हजेरी आपण लिहायची नसते. त्यात बरकत नाही."

"रोज?"

"रविवार सोडून. तुला जमेल ना दहाला तयार होऊन उभं राहायला?"

मी हो म्हटलं. मी तेव्हा कुणालाही कशालाही हो म्हणायचे. पण दहाला बाल्कनीत उभं राहायचं तर अंघोळ करून, कपडे बदलून उभं राहावं लागायचं, कारण खाली पोहेवाल्यापाशी गर्दी असायची. आणि काकू बोळात गेल्या, मी सही केली, की पुन्हा पलंगावर जाऊन बसायची लाज वाटायची. मी टेबलाशी बसायला लागले. काकूंनी हे मुद्दाम केलं का, ते मी कधी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही.

माझ्या त्या हो म्हणण्यापायी पुढे एक मोठी चूक झाली. लग्नसराईचे दिवस होते. काकूंचा उजवा अंगठा सुईने सुजला होता, म्हणून दोन दिवस मी दुपारी त्यांना मदत करत होते. एका नवरीच्या रेशमी ब्लाउजच्या दोन्ही बाह्यांवर मोर छापायचे होते. दोन्ही मोर समोर बघणारे हवेत, म्हणजे एका बाहीसाठी खाका सुलटा ठेवायचा आणि दुसऱ्यासाठी पलटवायचा. काकू दुसरी बाही ताणून पिना लावत होत्या. मान वर न करता त्यांनी विचारलं, "पलटवला?"

पहिल्या बाहीनंतर मी खाक्यावरची नीळ पुसली होती. पलटवला होता की नाही ते मला आठवत नव्हतं. पुन्हा बघते म्हणायचा संकोच वाटला. मी म्हटलं, "हो."

बोळा फिरवून कागद उचलला तर मोर नवरीच्या पाठीकडे बघत होता.

रेशमावरची नीळ जात नाही. मला वाटलं आता काकू रागावतील. त्यांनी हात धुतले, पुसले आणि फोन उचलला. मी म्हटलं, "काकू, आधी मेसेज करून बघू या? मी लिहून देते छान." त्यांनी नाही म्हणून मान हलवली.

"खुशखबर मेसेजने गेली तरी चालते. चुकीला आपला आवाज लागतो."

आणि नवरीच्या आईला त्या म्हणाल्या, "बहनजी, मैं छापेवाली बोल रही हूँ. आपकी बिटिया के ब्लाउज में मेरे ऑफिस से गलती हुई है. एक मोर उल्टा छप गया. कपड़ा मैं नया लाऊँगी, परसों तक आपको मिलेगा. आप कहें तो आकर दिखा दूँ." पलीकडून बराच वेळ आवाज येत राहिला. काकू मध्ये मध्ये फक्त "सही बात है" म्हणत होत्या. फोन ठेवल्यावर मला म्हणाल्या, "चल. राजवाडा. रंग जुळला पाहिजे, तेवढंच."

आम्ही नऊ दुकानं फिरलो. नवव्यात तो डाळिंबी रंग मिळाला. परतताना मी रिक्षात सॉरी म्हणाले तर त्या बाहेर बघत म्हणाल्या, "'नाही माहीत' असं म्हणायला शीक, बेटा. बड़ा काम का शब्द है." ब्लाउज तिसऱ्या दिवशी गेला. मी ही गोष्ट घरी सांगितली नाही. काकूंनीही कुणाला सांगितली नाही.

त्यानंतर पंधरा दिवसांनी मंदारदादा पुण्याहून आला. हा त्यांचा एकुलता एक मुलगा, कॉम्प्युटरवाला, तोही आता घरूनच काम करणारा. केतकीवहिनींना सातवा महिना होता. दादा आईला न्यायला आला होता, आणि चार-सहा आठवड्यांसाठी नव्हे. खालचं घर भाड्याने द्यायचं, मागची खोली रिकामी करायची, असं त्याने ठरवूनच आणलं होतं. दोन दिवस त्याने हा विषय काढला नाही. पुढच्या खोलीचं दार लावून, कानाला हेडफोन लावून बसायचा. दारावर त्याने कागद चिकटवला होता, मीटिंग चालू आहे.

तिसऱ्या दिवशी रविवार होता. नवरीची आई लग्नाचे लाडू घेऊन आली आणि दादाच्या समोर कौतुकाने म्हणाली, "भैया, आपकी मम्मी जैसे लोग अब कहाँ. मोर उल्टा छप गया था तो खुद फोन करके बताया. हमको तो पता भी नहीं चलता."

ती गेल्यावर दादाला हवं ते मिळालं. खाली मोठ्याने बोलणं सुरू झालं तेव्हा मी वर कपडे वाळत घालत होते. काकूंनी जिन्यातून हाक मारली, "ईशा, वही आण."

मी खाली गेले. दादा हळू आवाजात समजावत होता. तो वाईट माणूस नाही, हे मला सांगितलं पाहिजे. त्याला खरंच आईची काळजी होती.

"आई, डोळे थकलेत तुझे. आता चुका व्हायला लागल्या. झालं ना खूप. बाळाला घरचं माणूस हवं, आणि तू तशी घरीच तर असतेस."

मी दारात वही धरून उभी होते. माझ्या तोंडून निघून गेलं, "ती चूक माझी होती."

दोघांनी माझ्याकडे बघितलं. काकूंच्या चेहऱ्यावर राग होता, आणि तो माझ्यावर होता.

"ऑफिसातली चूक ऑफिसची असते. नाव सांगायचं नसतं," त्या म्हणाल्या. "आता सांगितलंस, ठीक आहे. बैस."

मग त्यांनी कपाटातून काकांच्या वह्या काढल्या आणि त्यांच्यावर माझ्याकडची वही ठेवली. ढीग टेबलावरून दादाच्या छातीपर्यंत आला.

"हे तुझ्या बाबांचं अक्षर आहे. त्यांच्या लिहिण्यावर मिलमध्ये कुणी बोट ठेवलं नाही. यात बघ मी घरी कधी होते ते."

दादाने वरची वही उघडली, मग खालची. एका पानावर तो थांबला. त्याच्या दहावीच्या परीक्षेचे दिवस असावेत, कारण तिथे काकांनी 'अर्धी रजा, मंदारचा पेपर' असं लिहिलं होतं.

"ते काम नाही असं मी म्हणत नाहीये, आई. पण ते घरूनच आहे ना. कुठेही..."

"परवा साडेपाचनंतरही तू दार लावून बसला होतास," काकू म्हणाल्या. आवाज अजिबात चढलेला नव्हता. "मी कुकर लावला नाही. शिट्टी होईल म्हणून. भाजीवाल्याला हाताने खुणा करून पाठवलं. मावशीचा फोन आला, तर सांगितलं, मंदार कामावर आहे. तू कुठे होतास रे?"

दादाने हातातली वही मिटली.

"घरीच होतास ना? मग बाळ तूच सांभाळ."

आधी दादाच हसला. मग काकू. मी वह्यांकडे बघत राहिले, कारण हसावं की नाही ते मला कळत नव्हतं. हसणं संपल्यावर काकूंनी ठरलेलं सांगितलं. बाळंतपणाला त्या येतील. सव्वा महिना होईपर्यंत राहतील, नातवंडाला न्हाऊमाखू घालतील. पण ती रजा असेल. रजा संपली की ऑफिस.

"बघू," दादा म्हणाला. "तिकडे रमलीस तर..."

"लिही ग," काकू मला म्हणाल्या. "रजा म्हणून लिही."

जाण्याच्या आदल्या दिवशी त्यांनी एका पांढऱ्या कापडावर खाक्याने पाटी छापली आणि मागच्या दारावर टाचली. निळ्या ठिपक्यांची अक्षरं होती. ऑफिस बंद आहे, परतण्याचा सोमवार अमुक. वेलबुट्टी काही नव्हती. ऑफिसच्या दारावर फुलं काढायची नसतात, असं त्यांचं म्हणणं.

मुलगी झाली. दादाने फोटो पाठवले. काकूंच्या मांडीवर बाळ, आणि बाळाला शेकताना काढून ठेवलेलं ते मोठं घड्याळ मागे खिडकीत. एक फोटो आला त्याखाली दादाने लिहिलं होतं, आई इथे छान रमली आहे. माझी आई म्हणाली, "आता कसल्या येतात त्या. नातीला सोडून कुणी येतं का." बाजारातले दुकानदार एकदोनदा येऊन पाटी वाचून गेले. एकाने मला विचारलं, दुसरी कोणी छापेवाली माहीत आहे का. मी म्हटलं, "नाही माहीत." मी रोज दहाला बाल्कनीत उभी राहायचे, रजा लिहायचे आणि टेबलाशी जायचे.

पाटीवरचा तो सोमवार आला. फोन आला नव्हता. मी पावणेदहालाच जाऊन उभी राहिले. दहा वाजले. पुढच्या दाराचं कुलूप तसंच होतं. दहा पाचला पोहेवाल्याने वर माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा कढईकडे वळला. दहा दहाला आईने आतून विचारलं, "कुरिअरवाला येणार आहे का?" मी नाही म्हटलं. वहीत मला काय लिहायचं ते कळत नव्हतं. रजा तर कालच संपली होती.

दहा एकोणीसला एक रिक्षा आली. पुढच्या दाराशी थांबली. रिक्षावाल्याने चाकांची बॅग उतरवून पायरीवर ठेवली. काकू उतरल्या. रात्रभर गाडीत बसून साडी चुरगळली होती, आणि खाली उभ्या राहून त्यांनी आधी तीच हाताने सारखी केली. मग पायरीवरची बॅग उचलून पुन्हा रस्त्यावर घेतली. रिक्षावाला म्हणाला, "आंटीजी, घर तो यही बताया था."

"घर यही है. अभी ऑफिस जाना है."

बॅग ओढत त्या कोपऱ्यापर्यंत आल्या.

"छुट्टी खतम, आंटीजी?" पोहेवाल्याने विचारलं.

"खतम, भिया. गाड़ी लेट थी."

माझ्या बाल्कनीखाली येऊन त्यांनी वर बघितलं. घड्याळ त्यांच्याच हातात होतं, तरी त्यांनी विचारलं, "किती वाजले, बेटा?"

"दहा वीस, काकू."

मी पेन हातात घेतलं. थोडी थांबले असेन, कारण त्या पुन्हा म्हणाल्या, "गाडी-बिडी काही लिहू नकोस. उशीर लिही. लाल पेन आहे ना?"

होतं. मी लिहिलं आणि सही केली. त्या बोळात वळल्या. बॅगेची चाकं फरशीवर खडखडत गेली, मागचं कुलूप निघाल्याचा आवाज आला, टाचलेलं कापड फाडल्याचा आला. आणि मग आतून, स्वयंपाकघराकडच्या दाराची कडी नीट लागली आहे ना हे हलवून बघितल्याचा. घर अजून उघडलंसुद्धा नव्हतं.